गमछ्याखालची तलवार

झाशीबाहेरच्या माणसाला मी झाशीचा आहे असं सांगितलं की त्याला आधी घोडा दिसतो, मग तलवार दिसते, आणि सगळ्यात शेवटी समोर उभा असलेला मी दिसतो. तेव्हा त्याचा चेहरा पडतो. माझ्या खांद्यावर गमछा असतो, पोट माझ्याआधी खोलीत शिरतं, आणि मी लग्नाचे मांडव भाड्याने देतो. "पण तुम्ही मराठी किती छान बोलता!" असं पुण्यामुंबईचे लोक मला म्हणतात, जसा काही पिंजऱ्यातला पोपट बोलला. आमचे पूर्वज पेशवाईत इकडे आले, कोणी शिपाई म्हणून, कोणी कारकून म्हणून, आणि परत जायचं राहून गेलं. एवढंच. हे आता इतक्या वेळा सांगून झालंय की दुकानाच्या पाटीवर रंगवून घ्यावं म्हणतो.

दुकान सदर बाजारात आहे. बाप लवकर गेला, तेव्हा दुसऱ्याच्या टेंट हाऊसचे बांबू सायकलला बांधून वाहिले. आज माझे स्वतःचे मांडव, गाद्या, कढया, जनरेटर आहेत. हे सगळं मी जिभेच्या जोरावर मिळवलं. लोक मला भांडकुदळ म्हणतात. बायको तर लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून म्हणते. पण घासाघीस म्हणजे भांडण नव्हे. दोन माणसं एकमेकांना जोखतात, हसतात, चिडतात, उठून जातात, परत येतात, आणि शेवटी दोघांनाही आपण थोडे फसलो असं वाटत घरी जातात. यापेक्षा सभ्य गोष्ट माणसांमध्ये दुसरी कुठली होत असेल तर मला माहीत नाही. सांगितलेला भाव जो मुकाट्याने मान्य करतो, त्याला समोरच्या माणसाशी काही घेणंदेणं नसतं.

हे मी दुकानात शिकलो नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या टहरौलीच्या पुढच्या एका गावात शिकलो.

गुरसरायला मराठ्यांची जहागीर होती त्या काळी आमचा एक पूर्वज तिथे घोडदळात होता, आणि त्याचे घोडे या गावात राहायचे. जहागीर गेली, घोडे गेले, पण गाव आमच्याकडे राहिलं. जमीन म्हणून नव्हे, जमीन आमची एक वीतही नाही. आपलं गाव म्हणून राहिलं. आमच्या घरातलं प्रत्येक लग्न ठरलं की आधी त्या गावच्या चबुतऱ्यावर जातं, मग पत्रिका छापल्या जातात.

चबुतरा घोड्यांच्या एका सौदागराचा आहे. गोष्ट फार जुनी, आमच्या लोकांनी नर्मदा ओलांडायच्या कितीतरी आधीची. गावातल्या गढीला एका फौजेने वेढा घातला होता. गढीतल्या राजाला लढून मरायची घाई झाली होती, कारण राजांना ती नेहमीच असते. गावात एक सौदागर आपल्या घोड्यांसकट अडकला होता. तो एकटा, रिकाम्या हाताने, फौजेच्या सरदाराच्या तंबूत गेला आणि म्हणाला, "हे गाव सोडून जायचं काय घेशील?" सरदार हसला. त्याने धान्य मागितलं, गुरं मागितली, गावातल्या पोरी मागितल्या. सौदागर खाली बसला आणि घासाघीस करू लागला. पोरी सोडवल्या. मग गुरं सोडवली. मग बियाण्याचं धान्य सोडवलं. त्या बदल्यात आपला एकेक घोडा देत गेला. शेवटी घोडे संपले आणि सरदार इतका जेरीस आला की म्हणाला, "आता फक्त तुझी जीभ दे, म्हणजे दुसऱ्या कोणावर ही पाळी यायला नको." सौदागर म्हणाला, "अर्धी देतो."

लहानपणी या वाक्याला आम्ही लोळून हसायचो. अर्धीवर सौदा ठरला. सरदाराने शब्द पाळला आणि फौज उठवून निघून गेला. सौदागराला नंतर नीट बोलता येईना, म्हणून तो गमछ्याखाली बोटं दाबून सौदे करू लागला, जसे आजही बैलबाजारात करतात.

तेव्हापासून चबुतऱ्यावरचे सौदे तसेच होतात. आधी काय हवं ते तोंडाने सांगायचं, मग बाही कोपरापर्यंत वर सारायची, रिकामा हात सगळ्यांना दाखवायचा आणि गमछ्याखाली घालायचा. त्यानंतर शब्द नाही. समोरच्याने अंगठा दाबला की झालं. तिथे काही लिहीत नाहीत. लिहून मागणं म्हणजे चबुतऱ्यावर थुंकणं. आणि चबुतऱ्यावर दोन दगड आहेत, एक सौदागराचा आणि एक त्या सरदाराचा. शेंदूर दोघांना लागतो, कारण सौदा दोघांनी पाळला.

लग्नाआधी तिथे सौदा होतो तो मुलीच्या माहेरपणाचा. वर्षात किती वेळा येणार, कुठले सण इकडे, बाळंतपण कुठे. मुलाकडचा मोठा माणूस एका बाजूला बसतो. मुलीच्या बाजूने तिचा बाप बसत नाही, कारण बापाचा हात थरथरतो. तिच्या बाजूने चबुतऱ्याचं सगळं बघणारी म्हातारी बसते. बुंदेलीत आजीला बऊ म्हणतात, म्हणून सगळं गाव तिला बऊ म्हणतं. एरवी ती टहरौलीच्या बाजारात भाजी विकते आणि तिच्याकडून वांगी घेणं हा सकाळभराचा कार्यक्रम असतो. माझ्या लग्नाआधी आमच्या बाजूने चुलते बसले, तेव्हा त्यांच्या बोटांना नंतर तेल चोळावं लागलं होतं.

अशा या गावात मी दिग्दर्शकाला घेऊन गेलो.

सिनेमावाले आमच्याकडे नवे नाहीत. किल्ले बघून येतात, माझ्याकडून गाद्या आणि जनरेटर घेतात, गाद्यांवर चहा सांडतात आणि जातात. मी त्यांना चार सह्या घेतल्याशिवाय खुर्चीसुद्धा देत नाही. हा मात्र दुकानात शिरला आणि म्हणाला, "नमस्कार काका, घरी सगळे बरे ना?" मराठीत. स्वच्छ, गोड मराठीत.

झाशीत आमची गोष्ट अशी आहे की बाजारात हिंदी, गल्लीत बुंदेली, आणि मराठी फक्त घरात, तीही फक्त आमच्या पिढीची. माझी मुलगी मराठी समजते सगळं, उत्तर हिंदीत देते. अशा ठिकाणी एखादा परका येऊन "घरी सगळे बरे ना" म्हणतो तेव्हा आमच्यासारख्यांचं डोकं चालायचं थांबतं. झाशीतल्या कुठल्याही जुन्या मराठी घराला विचारा, मराठी बोलणाऱ्या पाहुण्याने काय काय नेलं ते. माझ्या चुलत्याने एका गोड बोलणाऱ्याला आपलं घर राहायला दिलं होतं, तो राहिलाच. मी याला घरी जेवायला नेलं. मी "बेगमी" म्हणालो, "तजवीज" म्हणालो, तर हा प्रत्येक शब्दाला "व्वा!" म्हणून मोबाइलात टिपून घ्यायचा. मला वाटलं, काय आपुलकी आहे! आता वाटतं, भंगारवालाही असाच खूश होतो.

तो म्हणाला, त्याला मध्ययुगातली दंतकथा हवी आहे. अशी की जी अजून कोणी पडद्यावर आणली नाही. मी त्याला सौदागराची सांगितली. "अर्धी देतो" ऐकून तो टाळी देऊन हसला.

मग म्हणाला, "पण काका, इंटरव्हलला काय होतं?"

"सौदागर पाणी पितो."

"नाही, म्हणजे, संघर्ष कुठे आहे? आजच्या प्रेक्षकाला संघर्ष लागतो."

"तुम्ही झाशीत कधी सोफा विकत घेतलाय का?"

तो हसला, पण मला दिसलं की त्याला कळलं नाही.

गावाकडून त्याला तो चबुतरा हवा होता, गढीचे पडके बुरूज हवे होते, आणि गर्दीत उभं राहायला गावकरी हवे होते. गावाचं मागणं एकच होतं. बऊने त्याला नखशिखांत पाहिलं आणि मला विचारलं, "जे को आंय भैया?"

मी बुंदेलीत सांगितलं, "आपलाच माणूस आहे, बऊ. मराठी आहे."

"ऊके हाथ में तलवार तो नईं दैहौ?" सौदागराच्या हातात तलवार तर नाही ना देणार?

त्यांना अनुभव होता. जवळच्या गावातल्या कुठल्याशा संताला टीव्हीवर कोणीतरी गदा दिली होती. मी दिग्दर्शकाला समजावून सांगितलं, "नीट ऐका. इथे दिलेला शब्द मोडत नाहीत. आत्ता नाही म्हणालात तरी चालेल, हे लोक चहा पाजून परत पाठवतील." तो म्हणाला, "काका, तलवार कशाला? त्याचं वेगळेपणच ते आहे!" त्याने बाही वर सारली, हात दाखवला, गमछ्याखाली घातला. त्याच्या माणसांनी सगळ्या बाजूंनी फोटो काढले.

बऊने अंगठा दाबायच्या आधी विचारलं, "और जामिन को?"

परक्या माणसाच्या सौद्याला गावचा जामीन लागतो. शब्द मोडला तर त्याच्याबरोबर जामीनदाराचाही हात बंद होतो. म्हणजे तो चबुतरा मानणारा कोणीही त्याच्याशी गमछ्याखाली हात देत नाही, आणि बाजारात त्याच्याशी घासाघीस करत नाही. एक भाव सांगतात आणि तोंड फिरवतात. मारहाण नाही, शिव्या नाहीत. माझ्यासारख्या माणसाला त्यापेक्षा मारलेलं परवडतं.

मी म्हणालो, "मी."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, एक कढई देताना माणसाच्या तीन पिढ्या विचारता, आणि हे काय करून आलात?" मी म्हणालो, "मराठी माणूस आहे." ती म्हणाली, "तुमचा चुलताही हेच म्हणायचा."

शूटिंग मात्र झकास झालं. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर लोक म्हणाले की तुला आधीच दिसायला हवं होतं. काय दिसणार होतं? गावातच, चबुतऱ्यावरच, नटाने बाही वर सारली, रिकामा हात दाखवला, सरदाराच्या नटानेही दाखवला, आणि दोघांच्या हातांवर गमछा पडला. गावच्या बायका रडल्या. बऊने नटाची दृष्ट काढली. फक्त एक गोष्ट मला खटकली. दिग्दर्शकाने विचारलं, "काका, हा दुसरा दगड कुणाचा?" मी म्हणालो, "सरदाराचा." तो म्हणाला, "व्हिलनला शेंदूर?" आणि त्या दगडापुढे एक झुडूप आणून ठेवायला सांगितलं. मी झुडूप उचलून फेकलं. थोडी बाचाबाची झाली. त्याने हात जोडून माफी मागितली, अगदी गोड मराठीत.

सिनेमा लागला तेव्हा गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून झाशीला आलं. बायका नव्या साड्या नेसल्या होत्या. थिएटरात बऊ माझ्या शेजारी बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती गार हवेच्या सिनेमागृहात आली होती आणि तिने खुर्चीच्या हातावर हात असा ठेवला होता की जणू खुर्चीशी सौदा करायचाय.

सौदागराचं वय अर्धं झालं होतं आणि अंगावर तेल चोपडलं होतं. त्याला एक बालपण दिलं होतं ज्यात कोणीतरी त्याच्या आईला मारतं. गढीत एक राजकन्या होती, तिला दुसरं काही काम नव्हतं, ती वाऱ्यात उभी राहायची. सरदाराच्या डोळ्यांत काजळ, हातात हाडूक, आणि तो हसला की कावळे उडायचे. ज्या माणसाने शब्द पाळून वेढा उठवला, ज्याला आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर लावतात, त्याला यांनी हाडूक चघळायला लावलं. आजच्या प्रेक्षकाला म्हणे सोपं करून द्यावं लागतं. आजचा प्रेक्षक आपल्या घरमालकाशी, साहेबाशी, सासऱ्याशी रोज सौदा करून जगतो, पण अंधारात बसला की त्याला काजळ घातल्याशिवाय वाईट माणूस ओळखता येत नाही, असं या शिकलेल्या लोकांना वाटतं.

मग चबुतऱ्याचा प्रसंग आला. आमचा चबुतरा, आमचा गमछा. सरदार मागतो, सौदागर गप्प. घासाघीस नाहीच. पोरी सोडवणं नाही, गुरं नाही, बियाण्याचं धान्य नाही. जिभेचा तर उल्लेखच नाही, कारण त्याला पुढे एक गाणं म्हणायचं होतं. हातांवर गमछा पडला. नटाचे डोळे बारीक झाले. आणि गमछ्याखालून सर्रकन तलवार निघाली.

ती कुठे शूट केली माहीत नाही. मुंबईत, हिरव्या पडद्यासमोर असणार.

सौद्याला बसलेल्या माणसाला, हातात हात दिलेल्या माणसाला, सौदागराने भोसकलं. थिएटर उभं राहिलं. शिट्ट्या, नाणी, आरोळ्या. माझ्या पुढच्या रांगेतला एक जण ओरडला, "वाह मेरे शेर!" मी त्याची कॉलर धरली. "हा शेर? हा तर दगाबाज आहे! सौद्याला बसून मारतो!" तो म्हणाला, "अंकल, पिक्चर है." दोन माणसांनी आम्हाला सोडवलं.

मी वळून पाहिलं तर आमची रांग तशीच बसलेली. कोणी हललं नव्हतं. बऊने पडद्याकडे नव्हे, माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीच्या हातावरचा हात उचलला आणि पदराखाली घेतला. सगळ्यांनी ते पाहिलं.

त्यानंतर मी टहरौलीच्या बाजारात गेलो. बऊपुढे वांगी होती. मी नेहमीसारखा म्हणालो, "काय बऊ, वांगी आहेत की मागच्या वर्षीची लोणची?" एरवी यावर तिने माझ्या खापरपणज्याचा उद्धार केला असता. ती म्हणाली, "जो भाव है सो है भैया. लेने होय तो लेओ." आणि शेजारणीशी बोलायला लागली. मी शेजारच्या कांदेवाल्याकडे गेलो. त्याने भाव सांगितला आणि पिशवी पुढे केली. दोरवाल्याने तेच. मी मुद्दाम निम्म्याने मागितलं, मूर्खासारखं मागितलं, की निदान कोणी चिडेल. कोणी चिडलं नाही. सगळे मला "जी" म्हणत होते. इतका आदर मला जन्मात कोणी दाखवला नव्हता आणि परमेश्वर करो, पुन्हा न दाखवो.

त्यात मुलीचं लग्न ठरलं.

मुलगा इथल्याच सरकारी इंजिनीअरिंग कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला, मूळ विदर्भातला. नोकरी हैदराबादला. माणसं चांगली आहेत. पण हैदराबाद म्हणजे काय कोपऱ्यावरचं आहे? मुलगी जेवताना म्हणाली, "पापा, चबुतरे पर कब जाना है?" मी भात कालवत राहिलो. ती म्हणाली, "मेरी तरफ़ से बऊ ही बैठेगी ना?" बायको आत निघून गेली. मुलीने ते पाहिलं आणि मग मराठीत, अडखळत, म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी कोणीच बोलणार नाही?"

तिचं तेवढं मराठी मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि ते ज्याच्यामुळे ऐकावं लागलं त्यालाही.

मी बऊकडे गेलो. माझ्यासाठी नको, पोरीसाठी तरी हात दे म्हणालो. चबुतऱ्याला पोरीचा राग नव्हता, पण पोरीचा बाप मी होतो. बऊ म्हणाली, ज्याने हात दिला होता त्याला परत इथे आण. बस एवढंच. इथे काय म्हणायचंय ते त्याला म्हणू दे, मग बघू.

आणायची गरज पडली नाही. तो आपणहून आला. सिनेमा चालला होता, म्हणून दुसरा भाग काढायचा होता. दुकानात शिरला, "काका, घरी सगळे बरे ना?" मी काउंटर ओलांडून त्याच्यापर्यंत पोहोचलोही होतो. पण मुलीचा चेहरा आठवला आणि मी म्हणालो, "बरे आहेत. चला, गावाला जाऊ."

वाटेत गाडीत मी त्याला विचारलं, "शब्द दिला होतात, त्याचं काय?" तो म्हणाला, "काका, मी स्वतः तलवारीच्या विरोधात होतो. पण पैसे घालणारे म्हणाले, कापडाखाली बोटं हलतात ते प्रेक्षकाला दिसणार कसं? आणि तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर गावात आपण तलवार नाहीच शूट केली." तांत्रिकदृष्ट्या! आमच्याकडे मेलेलं जनावर विकणारा दलालही असं बोलायला लाजतो.

टहरौलीच्या बाजारात त्याने पेरू घेतले, गमछे घेतले, पितळेची घंटी घेतली. प्रत्येकाने त्याला एक भाव सांगितला आणि तोंड फिरवलं. तो हरखून गेला. "काका, किती निर्मळ माणसं! कोणी लबाडी नाही, ओढाताण नाही. मुंबईत असं राहिलं नाही हो."

मी त्याचे पेरू गाडीत ठेवले.

चबुतऱ्यावर गाव जमलं होतं. त्याने बाही वर सारली, त्याला ती पद्धत चांगलीच आठवत होती, आणि हात पुढे केला. त्याला पुन्हा चबुतरा हवा होता, बुरूज हवे होते. बऊचा हात पदराखालीच राहिला. तिने एकच भाव सांगितला. पहिल्या सिनेमातून तलवार काढ.

तो हसला. "अम्मा, वह तो अब हो गया." मग म्हणाला, शाळेला पंखे देतो. मग म्हणाला, चबुतऱ्यावर छप्पर घालून देतो, संगमरवर लावतो. बऊने पदर नीट केला. मग म्हणाला, दुसऱ्या भागात बऊला स्वतःला पडद्यावर घेतो. तो उठला, परत बसला, कपाळ पुसलं, माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुम्ही तरी बोला ना, काहीतरी खाली-वर करायला सांगा." सौद्यात संघर्ष नसतो म्हणणारा माणूस घामाने निथळत होता, आणि त्याचा उघडा हात चबुतऱ्यावर एकटाच पडला होता.

तेव्हा मी त्याला सांगितलं. स्वच्छ मराठीत, एकही हिंदी शब्द न घालता. "ही शिक्षा आहे. तुम्ही शब्द मोडलात म्हणून या मुलखात तुमच्याशी कोणी सौदा करत नाही. बाजारात तुम्हाला जो निर्मळपणा दिसला तोही हाच. आणि तुमच्यामुळे हीच शिक्षा मला आहे, आणि माझ्या मुलीच्या लग्नात..."

त्याचे डोळे चमकले. मला वाटलं, आता तरी कळलं.

"काका," तो म्हणाला, "हे कमाल आहे! म्हणजे अख्खं गाव त्याच्याशी बोलायचं थांबतं, आणि मग तो सूड घ्यायला परत येतो. हे आपण दुसऱ्या भागात टाकू!" आणि मोबाइल काढून टिपून घ्यायला लागला.

बऊला मराठी येत नाही. तिने मला विचारलं काय म्हणतोय. मी सांगितलं. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, एखाद्या बैलाचे दात बघावेत तशी. मग म्हणाली, "ईके तो हाथई नईंयां." याला तर हातच नाहीत.

मागे कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. दिग्दर्शकही हसला, कारण सगळे हसत होते. आपल्या हातांकडे बघून म्हणाला, "काय म्हणाल्या त्या?" मी म्हणालो, "तुमचं कौतुक करतायत."

तो गेल्यावर बऊने गावाला विचारलं, ज्याला हातच नाहीत त्याने त्या दिवशी हात दिला कसा? नाहीच दिला. मग सौदा झालाच नाही. आणि सौदाच झाला नाही तर जामीन कसला? म्हाताऱ्यांनी थोडी कुरकुर केली, कारण काहींना मी पहिल्यापासूनच आवडत नाही, पण हे कोणाला खोडता येईना. बऊ माझ्याकडे वळली आणि म्हणाली, डोळे फुटले होते काय तुझे? बिनहाताच्या माणसाला घेऊन आलास ते! मी म्हणालो, तू दृष्ट काढत होतीस तेव्हा तुझे कुठे होते? आम्ही चबुतऱ्यावरच भांडलो. मला फार बरं वाटलं.

ऐकतो की त्याने मुंबईत थर्माकोलचा चबुतरा बांधलाय. एकाच दगडाचा.

मुलीचा सौदा थंडीत झाला. व्याही सूट घालून आले होते, कोट काढून बाही वर सारली. त्यांचा एक पुतण्या पुढे होऊन मला म्हणाला, "काका, ते तलवारवालं ठिकाण हेच का?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो लग्न होईपर्यंत मला जेवणाच्या पंगतीतही टाळत राहिला. गमछा पडला. बऊचा चेहरा दगडासारखा, व्याह्यांचा हळूहळू लाल. एकदा त्यांनी "आई गं" म्हटलं तर बऊने डोळे वटारले, कारण बोलायचं नसतं. मुलगी माझ्या मागे उभी होती आणि तिने माझा शर्ट मुठीत धरला होता.

बऊने हात बाहेर काढला. पहिली दिवाळी, दोन्ही बाळंतपणं, आंब्याच्या दिवसांत महिनाभर, आणि आईबापांपैकी कोणी आजारी पडलं तर न विचारता.

"होळी?" मी विचारलं.

"होरी नईं मिली."

"कशी नाही मिळाली? ते हार मानायच्याच बेतात होते, त्यांचा अंगठा हलत होता, मी बघत होतो! मी असतो तर होळी सोडली नसती!"

व्याही बोटं चोळत म्हणाले, "अहो, राहू द्या, घ्या होळी पण." बऊ चवताळून उठली. अंगठा दाबला गेला होता, आता एक होळी काय, एक पुरणपोळीसुद्धा वर घेता येणार नाही, आणि तुला जर इतकं कळतं तर पुढच्या वेळी स्वतःच बस.

होळी गेलीच. ती मी अजून विसरलेलो नाही.